पॅच ईमेलने पाठवताना : वाचकांच्या शंका आणि उत्तरे

लिनक्स कर्नल, गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन), क्यूईमू, यू-बूट यांसारख्या प्रकल्पांना सोर्स कोडमधील बदल, म्हणजेच पॅच, ईमेलने, तोही टर्मिनलवरून, पाठवावा लागतो. या पद्धतीबद्दल वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी ज्यांतील अडचणी अनेकांच्या आहेत अशी काही पत्रे या वेळी निवडली आहेत. आज्ञा आणि त्यांचे पर्याय येथे देवनागरीत छापले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन लिपीत टंकावेत.

प्रश्न : महोदय, मी सांगलीला संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गिटहबवर पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) करण्याची मला सवय आहे. कर्नलच्या दस्तऐवजातील एक चूक दुरुस्त करून पाठवायची होती, तर ‘बदल मेलिंग लिस्टवर पाठवा’ असे वाचायला मिळाले. एवढ्या मोठ्या प्रकल्पाने अजून इतकी जुनी पद्धत का धरून ठेवली आहे?

उत्तर : पद्धत जुनी आहे हे खरे, किंबहुना ती गिटपेक्षाही जुनी आहे. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये ‘पॅच’ नावाचा प्रोग्राम लिहिला, आणि संपूर्ण फाइल न पाठवता फक्त बदललेल्या ओळी व त्यांच्या आजूबाजूचा थोडा भाग पाठवायचा, समोरच्याने तो आपल्या प्रतीत लावून घ्यायचा, ही रीत रुळली. २००२ पर्यंत लिनस टोरव्हाल्ड्स ईमेलने आलेले पॅच असेच आपल्या प्रतीत लावत असत. पुढची तीन वर्षे बिटकीपर या खासगी मालकीच्या साधनावर गेली, आणि २००५ च्या एप्रिलमध्ये त्याच्या मोफत वापराची सवलत संपुष्टात आल्यावर टोरव्हाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतले. त्यामुळे कमिटचे (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाचे) ईमेल करणे आणि आलेल्या ईमेलचे पुन्हा कमिट करणे या दोन्ही सोयी गिटमध्ये अगदी सुरुवातीच्या काळापासून आहेत. पुल रिक्वेस्टचे बटण ही गिटहबची भर आहे.

पण केवळ जुनी म्हणून ही पद्धत टिकलेली नाही. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. एखादा बदल नेटवर्कच्या भागाला आणि एका ड्रायव्हरला असा दोन्हीकडे स्पर्श करत असेल, तर दोन्हीकडच्या मेंटेनरांनी (त्या त्या भागाची जबाबदारी सांभाळणाऱ्यांनी) तो पाहावा लागतो. ईमेलमध्ये हे पत्ते वाढवण्याइतके सोपे आहे. परीक्षण करणारा आपल्या पॅचच्या नेमक्या ओळीखाली उत्तर लिहितो, ती चर्चा लोर या सार्वजनिक संग्रहात कायमची राहते, आणि भाग घेण्यासाठी कोणत्याही कंपनीच्या संकेतस्थळावर खाते उघडावे लागत नाही. नवख्यांना ही पद्धत दारातच अडवते, हा आक्षेपही खोटा नाही. तो कर्नलच्या लोकांनाही मान्य आहे. म्हणूनच ‘बी४’ नावाचे साधन आले, ज्याच्या ‘बी४ प्रेप’ आणि ‘बी४ सेंड’ या आज्ञा मालिका बांधण्यापासून पाठवण्यापर्यंतची बरीच कामे उचलतात. गिट प्रकल्पासाठी तर गिटगिटगॅजेट नावाची सोय आहे. ती गिटहबवरील पुल रिक्वेस्टचे रूपांतर पॅचच्या ईमेलमध्ये करून देते. तरीही माझे मत असे की पहिला पॅच हाताने पाठवावा, कारण पुढे काही बिघडले तर नेमके कोठे बिघडले हे त्यामुळेच कळते.

आपल्या दस्तऐवजातील दुरुस्तीसाठी क्रम असा आहे. वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या स्वतंत्र शाखेवर) बदल करून ‘गिट कमिट -एस’ ने कमिट करावे. त्यातील ‘-एस’ मुळे संदेशाच्या शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ येते. हा बदल देण्याचा मला हक्क आहे, असे ती ओळ जाहीर करते. एससीओ कंपनीने कर्नलच्या मालकीवरून वाद उकरून काढल्यानंतर २००४ मध्ये ही प्रथा सुरू झाली आणि ती ओळ नसलेला पॅच कर्नलमध्ये घेतला जात नाही. नंतर ‘गिट फॉरमॅट-पॅच -१’ ही आज्ञा दिली की शेवटच्या कमिटची, नावापुढे ०००१ हा क्रमांक असलेली एक साधी मजकुराची फाइल तयार होते. ती फाइल कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधील ‘चेकपॅच’ला दाखवावी, म्हणजे शैलीच्या चुका कळतात, मग ‘गेट-मेंटेनर’ला दाखवावी, म्हणजे पॅच कोणाला आणि कोणत्या लिस्टला पाठवायचा ते कळते. त्यानंतर ‘गिट सेंड-ईमेल’ या आज्ञेला ते पत्ते आणि ती फाइल द्यावी.

उबुंटू किंवा डेबियनवर गिट असूनही ही शेवटची आज्ञा सापडत नसेल तर गोंधळून जाऊ नये. ती पर्ल भाषेत लिहिलेली आहे आणि या वितरणांत ‘गिट-ईमेल’ या वेगळ्या पॅकेजमध्ये मिळते. फेडोरातही तसेच आहे.

प्रश्न : जीमेलचा योग्य पासवर्ड टंकूनही ‘५३४’ या क्रमांकाने सुरू होणारी चूक येते आणि पत्र जात नाही. तोच पासवर्ड ब्राउझरमध्ये चालतो. (नांदेड)

उत्तर : आपला नेहमीचा पासवर्ड येथे चालणार नाही. ५३४ क्रमांकाच्या त्या ओळीत पुढे ‘ॲप्लिकेशन-स्पेसिफिक पासवर्ड’ हवा असल्याचे लिहिलेले असते. जीमेलने २०२२ च्या मे महिन्यात वैयक्तिक खात्यांसाठी नेहमीच्या पासवर्डने बाहेरच्या प्रोग्रामला प्रवेश देणे बंद केले. आता गूगल खात्यात आधी द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी लागते, त्यानंतर ‘ॲप पासवर्ड’ तयार करता येतो. तो सोळा अक्षरांचा असतो आणि चार-चार अक्षरांच्या गटांत दाखवला जातो. एकदाच दिसतो, म्हणून खिडकी बंद करण्यापूर्वी उतरवून घ्यावा. चूक ५३५ या क्रमांकाची असेल, तर मात्र नाव किंवा पासवर्ड खरोखरच चुकलेला आहे.

बाकीची मांडणी ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल’ने एकदाच करावी : ‘सेंडईमेल.एसएमटीपीसर्व्हर’ला जीमेलच्या एसएमटीपी, म्हणजे पत्र पाठवणाऱ्या, सर्व्हरचे नाव, ‘एसएमटीपीसर्व्हरपोर्ट’ला ५८७, ‘एसएमटीपीएन्क्रिप्शन’ला ‘टीएलएस’, आणि ‘एसएमटीपीयूजर’ला आपला पूर्ण पत्ता. पोर्ट ४६५ वापरायचा झाल्यास एन्क्रिप्शनच्या जागी ‘एसएसएल’ लिहावे लागते; ५८७ बरोबर ‘एसएसएल’ किंवा ४६५ बरोबर ‘टीएलएस’ अशी सरमिसळ झाली की जोडणी लटकून राहते किंवा ‘अनेबल टू इनिशियलाइझ एसएमटीपी’ असा संदेश येतो. अशा वेळी ‘--एसएमटीपी-डीबग=१’ हा पर्याय जोडला म्हणजे सर्व्हरशी चाललेले सगळे संभाषण पडद्यावर दिसते. मात्र तो मजकूर कोणाला मदतीसाठी पाठवताना आधी नीट वाचून घ्यावा, कारण त्यात प्रवेशाच्या वेळची देवाणघेवाणही असते.

‘एसएमटीपीपास’ असाही एक पर्याय आहे, पण पासवर्ड कॉन्फिग फाइलमध्ये लिहून ठेवू नये. ही फाइल लोक आपल्या इतर मांडणीबरोबर सार्वजनिक रिपॉझिटरीत चढवतात आणि मग धावाधाव होते. तो पर्याय रिकामा ठेवला तर गिट स्वतः पासवर्ड विचारते. क्रेडेन्शियल हेल्पर, म्हणजे पासवर्ड लक्षात ठेवणारा साहाय्यक, म्हणून ‘कॅशे’ लावला असेल तर पासवर्ड फक्त मेमरीत आणि एरवी पंधरा मिनिटे राहतो. ‘स्टोअर’ हा हेल्पर तो डिस्कवर उघड्या मजकुरात लिहितो, एवढे लक्षात असू द्यावे. महाविद्यालयाच्या वायफायवरून जोडणीच होत नसेल, तर तेथे ५८७ बंद असण्याची शक्यता असते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एकदा पाहावे.

प्रश्न : मी हिंजवडीत काम करतो. ‘फॉरमॅट-पॅच’ने तयार झालेली फाइल उघडून तिचा मजकूर नेहमीच्या वेबमेलमध्ये चिकटवला आणि पाठवला. मेंटेनरांनी एका ओळीत उत्तर दिले की आपल्या मेलरने पॅच खराब केला आहे, तो लागत नाही. मी पाठवलेले पत्र पुन्हा पाहिले, तर मला काहीच फरक दिसत नाही. खराब म्हणजे नेमके काय झाले असेल?

उत्तर : डोळ्यांना फरक दिसत नाही, हीच या प्रकारातील खरी अडचण आहे. पॅचचे पत्र दोन वाचकांसाठी असते : एक माणूस आणि दुसरा ‘गिट एएम’ हा पत्रातील पॅच लावणारा प्रोग्राम. माणूस अर्थ वाचतो, प्रोग्राम एकेक बाइट जुळवून पाहतो. वेबमेल मात्र समोर माणूसच आहे असे गृहीत धरून मजकूर ‘सुधारते’.

पॅचमधील एक तुकडा, ज्याला हंक म्हणतात, जवळून पाहू. त्याचे शीर्षक दोन ‘ॲट’ चिन्हांमध्ये असते : ‘@@ -१२,७ +१२,९ @@’. याचा अर्थ, जुन्या फाइलच्या बाराव्या ओळीपासूनच्या सात ओळी नव्या फाइलमध्ये नऊ होतील. त्याखालच्या प्रत्येक ओळीचा पहिला रकाना राखीव असतो : तेथे अधिक असेल तर ती ओळ नवी, वजा असेल तर काढलेली, आणि मोकळी जागा असेल तर ती न बदललेली, म्हणजे केवळ जागा ओळखण्यासाठी दिलेली. त्या पहिल्या चिन्हानंतर मूळ ओळ जशीच्या तशी येते. कर्नलच्या सी भाषेतील ओळी टॅबने सुरू होतात, म्हणून न बदललेली ओळ ‘एक स्पेस, एक टॅब, मग मजकूर’ अशी असते.

आता वेबमेलने त्या टॅबच्या जागी आठ स्पेस घातल्या, असे समजू. पडद्यावर ओळ जेथे होती जवळजवळ तेथेच दिसते. ‘गिट एएम’ मात्र पहिला रकाना सोडून, टॅब आणि मजकूर अशी ओळ असलेल्या फाइलमध्ये आठ स्पेस आणि मजकूर अशी ओळ शोधू लागते, ती मिळत नाही, आणि ‘पॅच डझ नॉट अप्लाय’ म्हणून थांबते. नव्या ओळींत हे झाले तर आणखी वाईट, कारण तशा ओळी काही वेळा लागतातही आणि चुकीच्या स्पेस कोडमध्ये शिरतात. मेकफाइलमध्ये नियमांखालच्या आज्ञा टॅबनेच सुरू व्हाव्या लागतात, म्हणजे तेथे शैलीचा नव्हे, बिल्ड मोडण्याचा प्रश्न आहे.

दुसरा बिघाड ओळ मोडण्याचा. अनेक मेलर अठ्ठ्याहत्तर अक्षरांच्या आसपास लांब ओळ आपोआप तोडतात. अधिकाने सुरू झालेली ओळ मध्येच तुटली, की उरलेला अर्धा भाग नवीन ओळीवर जातो आणि त्याच्या पहिल्या रकान्यात अधिक, वजा किंवा स्पेस यांपैकी काहीच नसते. शीर्षकाने सांगितलेली ओळींची संख्याही मग जुळत नाही. अशा वेळी ‘करप्ट पॅच ॲट लाइन’ असा संदेश येतो आणि पुढे ओळीचा क्रमांक असतो; तो क्रमांक पाहून फाइल उघडली तर तुटलेली ओळ बहुधा तेथेच सापडते. तिसरा प्रकार ‘फॉरमॅट फ्लोड’ या ईमेलमधील मजकूर मांडण्याच्या पद्धतीचा आहे. त्यात स्पेसने सुरू होणाऱ्या ओळीपुढे मेलर आणखी एक स्पेस घालतो, आणि हंकमधील न बदललेल्या सगळ्याच ओळी स्पेसने सुरू होतात. काही मेलर पाठवताना तीच पद्धत वापरतात. चौथा म्हणजे एचटीएमएल, ज्यावर फारसे बोलण्याची गरज नाही : कर्नलच्या मेलिंग लिस्ट चालवणारा व्हीगर सर्व्हर एचटीएमएल पत्र स्वीकारतच नाही, आणि आपले पत्र मेंटेनरांपर्यंत पोचले याचे कारण आपण ते थेट त्यांच्या पत्त्यावरही पाठवले होते, एवढेच असावे.

‘गिट सेंड-ईमेल’ यांपैकी कशातच हस्तक्षेप करत नाही, आणि ती वापरण्याचे मुख्य कारण हेच आहे. फाइल डिस्कवर जशी आहे तशी ती थेट एसएमटीपी सर्व्हरच्या हातात देते. मजकूर चिकटवण्याचा टप्पा जेथे येईल, मग तो टर्मिनलमधून उंदराने निवडून उचललेला का असेना, तेथे टॅब गमावण्याची शक्यता आलीच. जोडपत्र म्हणून फाइल पाठवली तर बाइट सुरक्षित राहतात हे खरे, आणि पोस्टग्रेसच्या विकसकांत पॅच जोडूनच पाठवतात. पण कर्नलमध्ये परीक्षकाला आपल्या ओळी उद्धृत करून त्यांच्याखाली लिहायचे असते, म्हणून जोडपत्र तेथे नको असते.

खात्री करण्याचा उपाय सोपा आहे. पॅच आधी स्वतःच्या पत्त्यावर पाठवावा. आलेले पत्र ब्राउझरमध्ये वाचून समाधान मानू नये, तर जीमेलमधील ‘मूळ संदेश दाखवा’ येथून ते फाइल म्हणून उतरवावे, बदल नसलेल्या स्वच्छ ब्रँचवर जावे आणि त्या फाइलवर ‘गिट एएम’ चालवावे. ती निमूटपणे लागली, तर मेंटेनरांकडेही लागेल, अर्थात दोघांची मूळ प्रत एकच असेल तर. लागली नाही, तर ‘गिट एएम --अबॉर्ट’ने ब्रँच पूर्ववत होते आणि आपली चूक आपल्यापाशीच राहते.

प्रश्न : कंपनीच्या पत्त्यावरून पाठवलेल्या प्रत्येक पत्राखाली आमचा सर्व्हर ‘हे पत्र गोपनीय आहे’ अशी तळटीप आपोआप जोडतो. यामुळे पॅच बिघडतो का? आणि वैयक्तिक खात्यावरून पाठवला तर श्रेय कंपनीच्या पत्त्याला कसे मिळेल? (बंगळूर)

उत्तर : तांत्रिकदृष्ट्या शेवटी जोडलेल्या तळटिपेने पॅच बिघडत नाही. शेवटच्या हंकच्या ओळी मोजून पूर्ण झाल्या की त्यापुढच्या मजकुराकडे गिट लक्ष देत नाही. खुद्द ‘फॉरमॅट-पॅच’ही शेवटी दोन डॅश आणि गिटची आवृत्ती छापतेच. अडचण कायद्याची आहे. जे पत्र जगाला उघड असलेल्या संग्रहात जाणार आणि ज्यातील कोड मुक्त परवान्याखाली वाटला जाणार, त्याच पत्राखाली ‘हे इतर कोणी वाचू वा वापरू नये’ असे लिहिलेले असणे मेंटेनरांना धोक्याचे वाटते आणि अनेक जण अशा पॅचला हात लावत नाहीत. त्यांचे चूक आहे असे मला वाटत नाही. शक्य असल्यास कंपनीच्या संगणक विभागाकडून बाहेरच्या मेलिंग लिस्टसाठी तळटीप काढून घ्यावी. मुक्त प्रकल्पांत नियमित काम करणाऱ्या कंपन्या यासाठी वेगळा सर्व्हरच ठेवतात.

तोवर वैयक्तिक खात्याचा मार्ग योग्य आहे आणि गिटने त्याची सोय केलेली आहे. ‘यूजर.ईमेल’मध्ये कंपनीचा पत्ता ठेवून कमिट करावे आणि ‘सेंडईमेल.फ्रॉम’मध्ये वैयक्तिक पत्ता द्यावा. पत्र पाठवणारा आणि कमिटचा कर्ता वेगळे आहेत असे दिसले, की ‘सेंड-ईमेल’ पत्राच्या मजकुराच्या पहिल्याच ओळीत ‘फ्रॉम’ लिहून कर्त्याचे नाव व कंपनीचा पत्ता देते. समोर ‘गिट एएम’ त्या आतल्या ओळीला प्राधान्य देते, आणि इतिहासात श्रेय कंपनीच्या पत्त्यावर नोंदले जाते. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ मध्येही तोच कंपनीचा पत्ता असावा, नाहीतर चेकपॅच कुरकुर करते. अर्थात नोकरीच्या वेळेत लिहिलेला कोड देण्याची कंपनीची परवानगी आहे ना, हे त्या ओळीवर सही करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

प्रश्न : चाचणी म्हणून मी पॅच फक्त माझ्याच पत्त्यावर पाठवला होता. तरी तो दोन अनोळखी मेंटेनरांना पोचला आणि त्यांनी उत्तरही दिले! मी तर ‘--टू’ मध्ये त्यांचे नाव घातले नव्हते. (ठाणे)

उत्तर : घातले नव्हते, पण आपल्या कमिटच्या संदेशात ते होते. ‘सेंड-ईमेल’ संदेशाच्या तळाच्या ‘साइन्ड-ऑफ-बाय’, ‘सीसी’ अशा ओळी वाचते आणि त्यांतील पत्ते प्रतीच्या यादीत स्वतःहून भरते. सोयीसाठीच आहे ते, पण चाचणीच्या वेळी अंगाशी येते. स्थिर आवृत्त्यांसाठीची ‘सीसी : स्टेबल’ ओळ असेल, तर चाचणीचे पत्र थेट त्या लिस्टवर जाते. म्हणून स्वतःला पाठवताना ‘--सप्रेस-सीसी=ऑल’ हा पर्याय न विसरता द्यावा. त्याआधी ‘--ड्राय-रन’ चालवले तर पत्र न पाठवता केवळ कोणाकोणाला जाणार आहे ते दिसते. ‘सेंडईमेल.कन्फर्म’ला ‘ऑलवेज’ हे मूल्य कायमचे देऊन ठेवावे, म्हणजे प्रत्येक पत्रापूर्वी पत्त्यांची यादी दाखवून गिट ‘पाठवू का’ असे विचारते. त्या प्रश्नाला न वाचता ‘ए’, म्हणजे ‘सगळी पाठव’, असे उत्तर देण्याची सवय लावून घेऊ नये. एकदा गेलेले पत्र परत घेता येत नाही.

मेंटेनरांना आपण दोन ओळींचे दिलगिरीचे उत्तर पाठवले असेल तर पुरेसे आहे. असे त्यांच्याकडे नेहमी घडते.

प्रश्न : पहिल्या पॅचवर दोन सूचना आल्या. सुधारणा करून पुन्हा पाठवताना जुन्याच पत्राला उत्तर म्हणून पाठवावे की नव्याने? आणि आधीच्या एका पॅचला तर तीन दिवस झाले तरी कोणी उत्तर दिलेले नाही, त्याचे काय करावे? (कोल्हापूर)

उत्तर : सुधारणा वेगळे कमिट म्हणून वर चढवू नये. जुने कमिटच ‘--अमेंड’ने किंवा ‘रीबेस’ने दुरुस्त करावे, आणि ‘गिट फॉरमॅट-पॅच -व्ही२’ने पूर्ण पॅच पुन्हा काढावा, म्हणजे विषयाच्या कंसात ‘पॅच व्ही२’ असे आपोआप येते. पहिल्या आवृत्तीपासून काय बदलले हे सांगायलाच हवे, पण ते सांगण्याची जागा महत्त्वाची आहे. कमिटचा संदेश संपला की तीन डॅशची एक ओळ येते, त्यानंतर कोणत्या फाइलमध्ये किती ओळी बदलल्या याचा गोषवारा, मग डिफ, म्हणजे प्रत्यक्ष बदललेल्या ओळी. तीन डॅशच्या खाली, गोषवाऱ्याच्या वर, आपण जे लिहाल ते परीक्षक वाचतात पण ‘गिट एएम’ टाकून देते. ‘दुसऱ्या आवृत्तीत अमुक सूचनेवरून तमुक बदलले’ हा मजकूर तेथे लिहावा. डॅशच्या वर लिहिला तर तो कर्नलच्या इतिहासात कायमचा जातो, आणि दहा वर्षांनी तो वाचणाऱ्याला आपल्या पहिल्या आवृत्तीशी काही देणेघेणे नसते. कोणी ‘रिव्ह्यूड-बाय’ दिले असेल आणि त्यानंतर पॅचमध्ये मोठा बदल झाला नसेल, तर ती ओळ मात्र संदेशातच, डॅशच्या वर, स्वतःच्या हाताने जोडावी.

अनेक पॅचची मालिका असेल तर ‘--कव्हर-लेटर’ने प्रास्ताविक पत्राची फाइल मिळते. त्यातील विषय आणि मजकूर यांच्या तारांकित जागा भराव्यात. विषयाची जागा भरल्याशिवाय ‘सेंड-ईमेल’ ती पाठवायला नकार देते, हे तिचे शहाणपण. याच पत्रात ‘--रेंज-डिफ’ने जुन्या व नव्या मालिकेतील फरकही छापून घेता येतो.

जुन्या पत्राला जोडावे की नाही, याबाबत प्रकल्पागणिक रिवाज बदलतो. गिट प्रकल्पात दुसरी आवृत्ती पहिल्या प्रास्ताविकाला ‘--इन-रिप्लाय-टू’ने जोडण्याची पद्धत आहे. कर्नलमध्ये उलट, मालिकेची नवी आवृत्ती नव्या धाग्यात पाठवावी आणि प्रास्ताविकात जुन्या चर्चेचा लोरवरील दुवा द्यावा, असे सांगितले जाते. नाहीतर तीन-चार आवृत्त्यांनंतर मेलरमधील तो धागा वाचता येईनासा होतो. ज्या प्रकल्पाला पाठवायचे त्याच्या संग्रहातील दोन-चार अलीकडच्या मालिका उघडून पाहिल्या की तेथील चाल कळते.

तीन दिवस हा काळ काहीच नाही. कर्नलच्या दस्तऐवजात किमान एक आठवडा थांबण्यास सांगितले आहे, आणि मर्ज विंडो, म्हणजे नवी आवृत्ती निघाल्यानंतरचे पहिले दोन आठवडे, चालू असेल तर त्याहून अधिक. त्या दिवसांत नेटवर्क विभाग तर पुढच्या आवृत्तीसाठीचे पॅच घेणेच बंद ठेवतो. आठवडा उलटल्यावर आपल्याच पत्राला उत्तर देऊन नम्रपणे आठवण करावी. उत्तर लिहिताना उद्धृत ओळींच्या खाली लिहावे, वर नाही; कार्यालयीन ईमेलची ती सवय येथे चांगली दिसत नाही.

प्रश्न : मी गोव्यात राहतो आणि एका मुक्त प्रणालीच्या मराठी भाषांतरात मदत करतो. पॅच पाठवताना ‘कोणते आठ-बिट एन्कोडिंग जाहीर करू’ असा प्रश्न गिट विचारते. मी ‘वाय’ टंकले तर पुन्हा प्रश्न येतो. शिवाय पोचलेल्या पत्राचा मूळ मजकूर पाहिला तर देवनागरीच्या जागी बरोबरची चिन्हे आणि आकडे दिसतात. भाषांतर बिघडले का?

उत्तर : बिघडलेले नाही. आपल्या कमिटचा संदेश इंग्रजीत असणार आणि देवनागरी फक्त डिफमध्ये. ‘फॉरमॅट-पॅच’ संदेश पाहून ठरवते की एन्कोडिंगची नोंद पत्राच्या माथ्यावर करायची की नाही. संदेश साध्या रोमन अक्षरांत असला तर ती नोंद करत नाही. नंतर ‘सेंड-ईमेल’ला फाइलमध्ये देवनागरीचे बाइट दिसतात, नोंद दिसत नाही, म्हणून ती विचारते. चौकटी कंसात तिने सुचवलेले उत्तर ‘यूटीएफ-८’ हेच असते. नुसते एंटर दाबावे. ‘वाय’ हे कोणत्याही एन्कोडिंगचे नाव नसल्याने ती खात्री करून घेते. ‘सेंडईमेल.असूम८बिटएन्कोडिंग’ला ‘यूटीएफ-८’ हे मूल्य देऊन ठेवले की प्रश्न पुन्हा येणार नाही.

बरोबरच्या चिन्हांचा प्रकार वेगळ्या कारणाने घडतो. ईमेलच्या नियमांनुसार एका ओळीत ९९८ पेक्षा अधिक बाइट असू शकत नाहीत. फाइलमध्ये त्याहून लांब ओळ सापडली, की ‘सेंड-ईमेल’ आपण होऊन ‘कोटेड-प्रिंटेबल’ पद्धत वापरते, ज्यात रोमनेतर बाइट ‘बरोबरचे चिन्ह आणि दोन अक्षरी संकेत’ असा लिहिला जातो. इंग्रजीत ९९८ ही मर्यादा क्वचितच आड येते. देवनागरीत मात्र यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त ही चिन्हे स्वतंत्र मोजली जातात. ‘विद्यार्थी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो; संगणकाच्या लेखी ती दहा चिन्हे आणि तीस बाइट आहेत. म्हणजे सलग ३३२ चिन्हांची ओळ झाली की मर्यादा भरली, आणि भाषांतराच्या काही फाइलींत अख्खा परिच्छेद एकाच ओळीवर असतो. गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनसंचाच्या पीओ फाइलींत हा त्रास कमी, कारण तिची साधने ओळी मोडून लिहितात.

‘गिट एएम’ हे संकेत उलगडून मूळ देवनागरी बाइट जसेच्या तसे परत मिळवते, तेव्हा पत्राचा मूळ मजकूर पाहून घाबरण्याचे कारण नाही. आपले नावही आपण देवनागरीत लिहीत असाल तर पत्राच्या ‘फ्रॉम’मध्ये त्याचे असेच सांकेतिक रूप दिसेल, आणि तेही पोचल्यावर पूर्ववत होईल. पडताळण्यासाठी स्वतःला पाठवलेले पत्र ‘गिट एएम’ने वेगळ्या ब्रँचवर लावावे आणि ‘गिट डिफ’ला दोन्ही ब्रँचची नावे द्यावीत, काहीच छापले गेले नाही तर एकही मात्रा हललेली नाही.